महादेवप्पांचे गुलाबी कान

लातूरच्या गंजगोलाईमागच्या बोळात, भांड्यांच्या दुकानाला लागून, महादेवप्पांचं दातांचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात. याच दहा बाय आठच्या खोलीत एके काळी जिल्ह्यातल्या लहान पोरांचे कान तयार व्हायचे, असं सांगितलं तर तिथला दुकानदार आपल्यालाच दवाखान्याचा रस्ता दाखवील.

त्या काळी दारावर दोन ओळींची पाटी होती. वरची उर्दूत, निजामाच्या अमदानीच्या वळणाची. खालची मराठीत, नंतर रंगवलेली. दोन्हींचा मतलब एकच, की इथे दात बसवून मिळतात. आत एक लाकडी खुर्ची, पायानं फिरवायचं पॉलिशचं चाक, साचे उकळायचं पितळी पातेलं आणि फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक त्या जबड्यांकडे बघून उंबऱ्यातच थबकायचं. महादेवप्पा मात्र स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत हसून त्याला आत बोलवायचे. लोकांना वाटायचं, हे त्यांनीच बनवलेले असणार. ते कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसत.

महादेवप्पा मूळचे निलंग्याकडचे. घरात बायको कमलम्माशी कन्नड, दुकानात मराठी आणि चिडले की दखनी, अशी त्यांची वाटणी होती. पोरवयात हैदराबादला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली सात वर्षं काढून ते ही विद्या शिकले. उस्तादानं त्यांना एकच गोष्ट बजावून सांगितली होती: तोंड गिऱ्हाइकाचं आहे, तुझं नाही, तेव्हा विचारत जा. झालं, महादेवप्पांनी ते असं काही मनावर घेतलं की विचारता सोय नाही. दात बसवायचा, मान तिरकी करायची आणि विचारायचं, "रुततंय का?" गिऱ्हाईक जरा जरी कण्हलं की दात बाहेर, कानस हातात, आणि घासायला सुरुवात. परत बसवायचा, परत तेच. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की कमलम्मा कासाराकडून बांगड्या भरून आली तरी ते विचारायचे, रुततंय का. ती म्हणायची, री, म्हणजे अहो, मी काय कवळी आहे का.

पण याच सवयीनं त्यांचं नाव झालं. महादेवप्पांचा दात रुतत नाही, असं पाच तालुक्यांत बोललं जायचं. याचा त्यांना मनस्वी अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

आता यात धुरपताबाई कशा आल्या, ते आधी सांगायला हवं.

धुरपताबाई लातूर रोड स्टेशनजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांचा लेक सटवाजी रेल्वेत गँगमन म्हणून चिकटला, आणि नोकरी लागल्यावर त्यानं आईसाठी पहिलं काय केलं असेल, तर तिला महादेवप्पांकडे आणून दातांची कवळी बसवून दिली. घरात सायकल नव्हती, घड्याळ नव्हतं, पण आईला दात आले. धुरपताबाई वस्तीत आरसा घेऊन फिरल्या म्हणतात. ही गोष्ट सदुसष्टची.

मग बहात्तर उजाडलं. सलग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं, विहिरींचे तळ दिसले, जनावरं दावणीलाच संपली. दुकानात चिटपाखरू फिरकेना. दात कोण बसवणार, खायलाच नव्हतं तर. महादेवप्पांनी दुकानाला कुलूप लावलं आणि कमलम्माला घेऊन औशाच्या रस्त्यावर खडी फोडायला गेले. नाजूक कानस धरणाऱ्या हातात हातोडा आला. दुपारी सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाची गोड भुकटी, मिळायची, ती फाकायला दातांची गरज नव्हती.

त्याच कामावर एके दिवशी धुरपताबाई त्यांना शोधत आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी कवळी काढली आणि पुढे धरली. म्हणाल्या, "अप्पा, हे ठिवून घ्या. खायाला काय न्हाई तर दात कशाला घालून हिंडू? लोक हासतेत."

महादेवप्पांनी ती घेतली नाही. दात घालतच राहा, नाही घातले तर हिरडी आखसते आणि मग तेच दात परक्याचे होतात, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. धुरपताबाईंनी मान डोलावली आणि घरी जाऊन कवळी ज्वारीच्या रिकाम्या कणगीत ठेवून दिली. दोन वर्षांनी पाऊसपाणी बरं झालं, कणगीत ज्वारी आली, तेव्हा कवळी तोंडात बसेना. महादेवप्पांनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं आणि दुसरी करून दिली. ही दुसरी कवळी धुरपताबाईंनी मरेपर्यंत उतरवली नाही. बहात्तर सालानं माणसांना काय काय शिकवलं त्याची गणती नाही. महादेवप्पांना त्यानं हे शिकवलं, की न वापरलेली वस्तू आपली राहत नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गावाला एकदम अंग आलं. उस्मानाबादच्या नावानं असलेल्या पाट्या पुसून नव्या रंगल्या, पांढऱ्या जीपगाड्या धुरळा उडवत फिरू लागल्या, आणि कालपर्यंत तालुक्याच्या कचेरीत अर्ज लिहून देणारे लोक आता जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज लिहून देऊ लागले. नवा जिल्हा म्हणजे नवीन घरच की. भांडीकुंडी सगळीच आणायची. त्या भांड्याकुंड्यांत, कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, वीस श्रवणयंत्रं आली. जिल्ह्यातल्या बहिऱ्या मुलांसाठी.

ही यंत्रं घेऊन एक दिवस पिराजी गुरुजी दुकानात आले. पिराजी म्हणजे किनवटकडच्या इस्लापूरचा पंचविशीतला तरुण. बहिऱ्या मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेऊन आलेला. बोळाच्या तोंडाशी भाड्याच्या दोन खोल्यांत त्यानं बारा-पंधरा मुलांची शाळा मांडली होती. त्यानं खुर्चीवर एक काडेपेटीपेक्षा जरा मोठी पत्र्याची पेटी ठेवली. तिच्यातून एक वायर निघाली होती आणि वायरीच्या टोकाला बटणाएवढी चकती. पेटी पोराच्या छातीवर, कापडी पिशवीत बांधायची, चकती कानात. पेटी आवाज ऐकणार, मोठा करणार आणि कानात सोडणार.

अडचण निराळीच होती. चकती कानात धरून ठेवायला जी रबरी बोंडं आली होती ती मोठ्या माणसांच्या मापाची. पोरांच्या कानांतून ती घरंगळून पडत होती. मापाचा साचा शहरातून मागवावा तर यायला तीन महिने, आणि तोवर पोराचा कान वाढलेला. "अप्पा," पिराजी म्हणाला, "तुमी जबड्याचा ठसा घेता. कानाचा घेता येईल का? मी शिकवतो, आत कापसाची गोळी कशी ठेवायची ते. बाकी तुमचीच कला हाय."

महादेवप्पांनी हात वर केले. आयुष्यभर म्हाताऱ्यांच्या तोंडात बोटं घातलेला माणूस मी, पोरांच्या कानात काय घालू, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पिराजीनं त्यांना एक गोष्ट समजावून सांगितली. पोर पाच-सहा वर्षांचं होईस्तोवर कानात आवाज पोचला तर ते बोलायला शिकतं. त्याच्या पुढे जितका उशीर, तितकं अवघड. मग यंत्र लावलं तरी मेंदूला तो आवाज ओळखीचा वाटत नाही.

महादेवप्पांच्या डोळ्यांपुढे धुरपताबाईंची कणगीतली कवळी आली. ते म्हणाले, आणा पोरांना.

पोरं आली आणि दुकानाची जत्रा झाली. कानात गार लगदा भरायचा म्हटल्यावर एकेक पोर असं काही किंचाळायचं की भांडीवाला कान झाकून बाहेर यायचा. मग महादेवप्पांनी युक्ती काढली. एका जुन्या कवळीला बिजागरी बसवली आणि रडणाऱ्या पोराच्या नाकापुढे ती उघडमीट करायला लागले. पोर रडायचं विसरून बघत राहायचं, तेवढ्यात ठसा निघायचा. साच्यासाठी त्यांच्याकडे हिरडीच्या रंगाचा मसाला तेवढा होता, तोच वापरला. त्यामुळे नव्या जिल्ह्यातल्या पहिल्या वीस बहिऱ्या पोरांच्या कानांत गुलाबी साचे बसले. बाजारात लांबून ओळखू यायची ती पोरं. हे महादेवप्पांचं, ते महादेवप्पांचं, असं कमलम्मा बोटानं दाखवायची.

या विसांत सगळ्यांत लहान होती भीमा. पाच वर्षांची, काळीसावळी, कपाळावर आठी घेऊनच जन्मलेली. बरोबर आजी होती, आणि आजी धुरपताबाई होत्या. सटवाजीची पोरगी. महादेवप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी आजीची कवळी तपासली आणि मग नातीचा कान.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे साचे छान जमले. दुखलं तर ती हातानं सांगायची, नाही दुखलं तर मान हलवायची. भीमाला काही सांगता येत नव्हतं. साचा घातला की तिच्या कपाळावरची आठी दाट व्हायची, आणि महादेवप्पांचं काळीज हलायचं. कानस हातात घ्यायचे, घासायचे. परत घालायचा, परत आठी, परत घासायचे. शेवटी साचा असा गुळगुळीत आणि हलका झाला की भीमाची आठी मावळली. महादेवप्पा खूश. आणि पेटी सुरू केल्याबरोबर कुईऽऽ करून शिट्टी वाजली.

साचा सैल असला की कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येतो, परत पेटीत शिरतो आणि पेटी शिट्टी मारते. भीमाला ती शिट्टी कळत नव्हती, बाकी सगळ्या गावाला कळत होती. वस्तीतली पोरं तिच्यामागे तोंडानं शिट्ट्या मारत फिरू लागली. एसटीत शिट्टी कुठून येते ते बघायला कंडक्टरनं गाडी थांबवली. घरी भीमाची आई कावेरी पेटी बंद करून ठेवू लागली, आणि पेटी बंद म्हणजे भीमा होती तिथेच. दर पंधरवड्याला धुरपताबाई नातीला घेऊन यायच्या, महादेवप्पा नवा साचा करायचे, आणि नव्या साच्याचीही शिट्टी वाजायची. एकदा तर पेटी वाजेचना. साचा उजेडात धरून बघतात तर भोक तेलानं बुजलेलं. धुरपताबाईंनी आंघोळीच्या वेळी रिवाजाप्रमाणे पोरीच्या कानात कोमट तेल सोडलं होतं, साच्यासकट. कानाला एवढी नवी वस्तू बसवली, तिला तेलपाणी नको का, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

पुढचा पावसाळा निम्मा सरला तेव्हा पिराजी उतरलेल्या चेहऱ्यानं दुकानात आला. यादीत मुलं एक्केचाळीस होती आणि यंत्रं वीस. ऑगस्टच्या शेवटी बाहेरगावचे डॉक्टर तपासणीला येणार होते. ज्या मुलाला यंत्राचा उपयोग होत नसेल त्याचं यंत्र काढून यादीतल्या पुढच्या मुलाला द्यायचं, असा नियम होता. नियम काही वाईट नव्हता. पुढची मुलंही कुणाची तरी होतीच. पण भीमाचं यंत्र आता गेलं तर परत येईस्तोवर ती आठ-नऊ वर्षांची झाली असती. "लई उशीर होईल, अप्पा," पिराजी म्हणाला. "मी शिकवून राहिलो, पण तिच्या कानात काही पोचलंच न्हाई अजून."

महादेवप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. कमलम्मानं दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावून कबूल केलं, की माझी विद्या इथे संपली. पोरीला रुतू द्यायचं नाही आणि साचा घट्टही बसवायचा, हे दोन्ही एकदम होत नाही.  धुरपताबाई इकडेतिकडे बघून, चोरी कबूल करावी तशा हळू आवाजात बोलल्या.

"अप्पा, रागावू नगा. सदुसष्टला तुमी मला इचारलं, रुततंय का, आन् मी न्हाई म्हणले. लई रुतत हुतं. पंधरा दिस जेवता आलं न्हाई. पर बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाया म्हणल्या, हाव म्हणू नगंस, हाव म्हणलं की अप्पा घासतेत, घासू घासू दात ढिला करतेत. गप न्हाई म्हणायचं आन् घरी जायाचं. पंधरा दिसांत आपसूक बसतो. सगळेच न्हाई म्हणतेत तुमाला."

महादेवप्पा खुर्चीतच बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. पाच तालुक्यांत ज्याचा डंका, तो न रुतणारा दात म्हणजे एवढ्या लोकांनी पंधरा वर्षं संगनमतानं केलेली थाप होती. त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि शेवटी, फळीवरच्या जबड्यांकडे बघता बघता, हसू फुटलं. फळीवरचा एकेक जबडा त्यांना आता लबाड दिसायला लागला.

मग त्यांनी भीमाचा नवा ठसा घेतला आणि साचा केला. त्याला पॉलिश दिलं, पण कानस लावली नाही. साचा कानात घातल्यावर भीमाच्या कपाळावर आठी आली आणि डोळ्यांत पाणीही. महादेवप्पांचा हात सवयीनं कानशीकडे गेला. धुरपताबाईंनी तो वरचेवर धरला.

पेटी सुरू केली. शिट्टी वाजली नाही.

तपासणीला तीन आठवडे होते. धुरपताबाई नातीला घेऊन लातुरातच भाचीकडे राहिल्या. सकाळी शाळा आणि दुपारनंतर महादेवप्पांचं दुकान, असा भीमाचा दिवस ठरला. दुकानात ती कोपऱ्यात बसून बिजागरीची कवळी उघडमीट करायची. महादेवप्पा दर थोड्या वेळानं तिच्यापुढे वाकायचे, छातीवरच्या पेटीपाशी तोंड न्यायचे आणि म्हणायचे, "रुततंय का?" आधी नुसतं तोंडानं, मग कानाला बोट लावून, मग स्वतःच मान हलवून दाखवत. धुरपताबाई बाजूला बसून नातीच्या वतीनं ठासून नाही नाही अशी मान हलवायच्या. दिवसातून वीसदा तरी हे चालायचं. कमलम्मा म्हणायची, त्या पोरीला सोडा आता, बहिरी होती तेच बरं होतं म्हणेल.

तपासणी एका शाळेच्या मोठ्या खोलीत होती. भीमाला मधोमध खुर्चीवर बसवलं. समोर पिराजी रंगीत मणी घेऊन, तिचं लक्ष गुंतवायला. मागे डॉक्टर. त्यांच्याही मागे, दाराशी, धुरपताबाई आणि महादेवप्पा. साचा निसटला तर असावी म्हणून महादेवप्पांनी खिशात कानस घेतली होती.

डॉक्टरांनी मागून ढोलकी वाजवली. भीमा वळली, पण त्यांनी ते धरलं नाही. ढोलकीचा हादरा अंगालाही कळतो म्हणाले, आणि ते खरंच होतं. घंटी वाजवली. भीमा हलली नाही. एवढ्या अनोळखी माणसांत तिनं अंग आखडून घेतलं होतं. मग डॉक्टरांनी हाक मारली, भीमा. तीनदा मारली. भीमा मणी ओवत राहिली.

धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या ध्यानात आलं की चूक घराची होती. पाच वर्षांत पोरीला घरात कुणी नावानं हाक मारलीच नव्हती. ऐकूच येत नाही तर हाक कशाला, म्हणून सगळे तिचा झगा ओढायचे किंवा जमिनीवर पाय आपटायचे. आपलं नाव भीमा आहे हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं. शाळेत पिराजीनं नाव शिकवायला घेतलं होतं, पण पेटी नीट वाजायला लागून तीन आठवडेच झाले होते.

डॉक्टर माणूस चांगला होता. त्यांनी सुस्कारा टाकला आणि कागदावर लिहायला पेन उघडलं. तेवढ्यात भीमाचा हात कानाकडे गेला. तिनं साचा बोटानं जरासा दाबला. दाराशी उभ्या महादेवप्पांच्या तोंडून, तपासणी, डॉक्टर, सगळं विसरून, पंचवीस वर्षांच्या सवयीनं आपोआप निघून गेलं, "रुततंय का?"

त्यांचा आवाज मुळातच मोठा. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांशी बोलून बोलून चढलेला.

भीमानं मागे वळून पाहिलं नाही. हातातला मणी दोऱ्यात ओवता ओवता तिनं मान हलवली. नाही.

 डॉक्टरांनी महादेवप्पांना खुणेनं चार पावलं मागे जायला सांगितलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. महादेवप्पांनी कसंबसं विचारलं, रुततंय का. भीमानं पुन्हा मान हलवली, या खेपेला जरा वैतागून. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती वळली आणि तिनं त्या आठीसकट महादेवप्पांकडे असं बघितलं, की किती वेळा सांगू. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, यंत्र कायम ठेवावे.

बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर महादेवप्पांना रडू आलं आणि त्यांनी ते अडवलं नाही. डोळे पुसून त्यांनी भीमाचा साचा काढला. कानाच्या वरच्या घडीत लाल रेघ उमटली होती, चांगली ठसठशीत. साचा तिथे रुतत होता. आजचा नाही, आठवडाभर तरी रुतत असणार.

धुरपताबाईंनी ती रेघ पाहिली आणि कवळी दिसेपर्यंत हसल्या. "शिकली बगा माझी नात," त्या म्हणाल्या, "तुमाला काय सांगायचं ते."

महादेवप्पांनी खिशातली कानस काढली, साच्यावर दोन हात मारले आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते दोन हातांवर थांबले.

त्यानंतर अठरा वर्षं ते दुकान चाललं. कान वाढतो तसा साचा बदलावा लागतो, म्हणून पोरं परत परत यायची. प्रत्येक पोराचा पहिला कान महादेवप्पा प्लास्टरमध्ये जपून ठेवायचे. भीमाचे तर सातही कान एका ओळीत होते, चिंचेच्या बुटकाएवढ्या कानापासून करंजीएवढ्या कानापर्यंत. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं गेली तिथे प्लास्टरच्या कानांचं काय घेऊन बसायचं, पण फळी कोसळून निम्मे फुटले, आणि महादेवप्पा दोन दिवस केरात बसून तुकडे निवडत होते. भीमाचे चार सापडले. मग कानामागे लावायची छोटी यंत्रं आली, मऊ पांढरे साचे शहरातून आठवड्यात यायला लागले, आणि एक दिवस महादेवप्पांनी पाटी उतरवली. धुरपताबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या, दातांसकट.

पिराजी गुरुजी नांदेडच्या शाळेत गेले तेव्हा भीमाही तिथल्या वसतिगृहात गेली होती. दरसाल तिचं एखादं पत्र यायचं, आधी मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत, मग सुरेख वळणात.

महादेवप्पा ऐंशीच्या घरात गेले आणि त्यांना ऐकू येईना. कमलम्मा ओरडून ओरडून बेजार झाली. शेवटी तिनं त्यांना एसटीत बसवलं आणि नांदेडला आणलं. वजिराबादेत कानाच्या यंत्रांचं एक दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत पस्तिशीला आलेली एक बाई साचे बनवत बसते. तिच्या कानात स्वतःचा साचा असतो. दुकानात सगळे रंग मिळतात, बिनरंगी पारदर्शकही मिळतो, पण तिचा गुलाबी आहे.

भीमानं महादेवप्पांचा ठसा घेतला. तासाभरानं साचा कानात बसवून तिनं यंत्र सुरू केलं. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे रिक्षे, कमलम्माच्या बांगड्या, सगळं एकदम महादेवप्पांच्या डोक्यात शिरलं. त्या गलक्यातून एक आवाज आला, जरासा नाकातला, जरासा सपाट, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट.

"रुततंय का, अप्पा?"

वरच्या घडीत चांगलंच रुतत होतं. महादेवप्पांनी मान हलवली. नाही.

भीमानं साचा काढला, त्यांचा कान हलकेच धरून उजेडाकडे वळवला आणि आत पाहिलं. मग टेबलावरची कानस उचलली, दोन हात मारले आणि थांबली.